तीन रोलरवरचा बीम

नळाने घसा खाकरला.

तोवर घर इतकं गप्प होतं, की मनवाचे श्वास मोजता आले असते. रविवारची दुपार, चार वाजून दहा मिनिटं. आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, खरखरत, अडखळत, आणि मग जेमतेम तासभर पाणी. मी गादीच्या कडेला बसून पेपर तपासत होते. मनवा आडवीतिडवी झोपली होती, तिची एक टाच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. ती टाच न हलवता मी खालून एकेक पेपर ओढून काढत होते. चार वर्षांच्या पोरीची दुपारची झोप म्हणजे काय, हे तिच्या शेजारी काम घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. त्या दीड तासात मला बावन्न पेपर संपवायचे होते, आणि आता पाणी आलं होतं.

पिंप भरायला लावलं आणि गठ्ठा घेऊन ओट्यापाशी उभी राहिले.

माझी तपासायची पद्धत अशी, की एक पेपर सलग तपासायचा नाही, एक प्रश्न सगळ्या पेपरांत तपासायचा. आम्हाला शिकवणाऱ्या सरांची ही पद्धत. सगळ्यांना सारखा न्याय मिळतो, असं ते म्हणायचे. हात भरभर चालतो, हे म्हणायचे नाहीत. डोळ्यांना एकदा उत्तर पाठ झालं की ते वाचत नाहीत, नुसतं शोधतात. पहिल्या प्रश्नात पाच आकृत्या होत्या आणि पाच उत्तरं: एक, शून्य, दोन, शून्य, तीन. माझे डोळे तेवढंच शोधत पानांवरून चालले होते.

श्रेया कोचरेकरच्या पेपरात चौथ्या आकृतीखाली आकडाच नव्हता. दोन ओळींचं वाक्य होतं, इंग्रजीत, तेही मोडकं. पिंप वाहायला लागलं. मी वाक्यावर तिरकी काट मारली, समासात शून्य लिहिलं आणि नळाखाली बादली सरकवली.

संध्याकाळी बेरजा केल्या तेव्हा तिला वीसपैकी सात पडले होते. पासला आठ लागतात. सोमवारी सकाळी मी सगळे मार्क कॉलेजच्या पोर्टलवर भरले आणि पेपर मुलांना वाटून टाकले.

परळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तेव्हा शिकवत होते. विषय स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, पहिला भाग, सिव्हिलचं दुसरं वर्ष. इमारतीवर भार आला की तो कुठून कुठे जातो, कोण किती उचलतं, हे कागदावर शोधून काढायचं. सुरुवातीचे धडे टेकूंचे असतात. एक टेकू पक्का रोवलेला. दुसरा बिजागरीसारखा, जो वळू देतो पण सरकू देत नाही. तिसरा रोलर, म्हणजे चाकावरचा. तो वरचा भार उचलतो, पण आडवं सरकायला मोकळं सोडतो. प्रत्येक टेकू किती दिशांनी धरून ठेवतो ते मोजायचं, बेरीज करायची, त्यातून समतोलाची तीन समीकरणं वजा करायची. उरलं शून्य, की गणित सुटलं आणि बीम, म्हणजे टेकूंवरची आडवी तुळई, जागेवर राहिला. मुलांना हा भाग आवडतो. मोजता येतो ना.

मलाही आवडायचा. मनवाच्या आधी मी दादरला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात चार वर्षं हेच करत होते. मग मनवा झाली, माझ्या नवऱ्याला, माधवला, हिमाचलातल्या एका बोगद्याची साइट मिळाली, सासू-सासरे गुहागरला घर सोडायला तयार नव्हते, आणि मी तीन वर्षं घरात राहिले. त्या तीन वर्षांत मी फारसं कुणाशी बोलले नाही. म्हणजे बोलले, दिवसभर बोलत होते. हे खा, ते टाकू नको, चप्पल कुठे आहे. माधवचा फोन यायचा तो संध्याकाळी सातला, आणि रेंज असेपर्यंत. वाडीतल्या बायका चांगल्या आहेत. मीनाक्षीकाकूंनी तर पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या पाळणाघरात मनवाला लगेच घेतलं. पण एक वाक्य सुरू करून, मध्ये थांबून विचार करून, ते पूर्ण करावं आणि समोरच्याने तोपर्यंत वाट बघावी, असं फक्त त्या वर्गात व्हायचं. आठवड्यातून चार तास. फळ्याकडे पाठ करून मी वळायचे तेव्हा बावन्न चेहरे माझ्या पुढच्या शब्दासाठी थांबलेले असायचे. अर्धे झोपलेले, हे मान्य. तरीपण.

म्हणून हे चार तास टिकले पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. टर्म संपली की नवी यादी लागायची. विभागप्रमुख सुचित्रा मॅडम नाव देणार तरच पुढची टर्म.

मंगळवारी लेक्चर संपल्यावर श्रेया टेबलापाशी आली. लालबागची मुलगी, कायम तिसऱ्या बाकावर भिंतीकडे, टर्म सुरू झाल्यापासून माझ्याशी दोनदा बोलली असेल. भांडायला आली नव्हती. तिने पेपर उघडून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि आपलं नेमकं कुठे चुकलं ते सांगाल का, म्हणून विचारलं. साडेपाचच्या आत मला मनवाला आणायचं होतं आणि सव्वाचार झाले होते. मी पर्स भरत भरत म्हटलं, उत्तर आकड्यात हवं होतं, तू निबंध लिहिलास.

"मॅडम, पण तो बीम थांबणार नाय ना," ती हळू म्हणाली. "तिन्ही चाकंच आहेत. बाजूने ढकललं की चालणार."

मी विचारलं, असं कुठल्या पुस्तकात आहे. तेव्हा ती जराशी हसली. तिचे वडील लालबागला गणपतीच्या कारखान्यात आहेत. मोठ्या मूर्ती ट्रॉलीवर असतात, रंगाच्या जागेवरून दागिन्यांच्या जागेवर न्यायच्या. लहानपणी ती डबा घेऊन जायची तेव्हा ट्रॉली थांबली की चाकाला वीट लावायचं काम तिच्याकडे.

"पप्पा म्हणतात, चाकां तीन लाव नायतर तीस, ईट लावल्याशिवाय ता थांबाचा नाय."

मला ते ऐकू आलं. मी ते ऐकलं नाही. परीक्षेत वीट चालत नाही, फॉर्म्युला लाव, तीन वजा तीन किती होतात, असं काहीतरी मी म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट हसून म्हणाले, म्हणजे विषय संपावा. ती म्हणाली, "हो मॅडम." पेपर मिटला, दप्तरात ठेवला आणि गेली.

भायखळ्याला बस अडकली. भाजीच्या गाड्या उलट्या लागल्या होत्या, कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मी तिकिटाच्या मागे पेनाने एक आडवी रेघ मारली. खाली तीन गोळे. मग त्या रेघेच्या डाव्या टोकाला एक छोटा बाण काढला, आडवा. आणि तो बाण कुणाला द्यायचा ते शोधायला लागले. पहिला रोलर आडवं काही घेत नाही. दुसरा घेत नाही. तिसराही. मोजणी तीनची होती, पण तिन्ही एकाच दिशेने धरणारे. उभं. आडवं धरणारं कुणीच नव्हतं. फॉर्म्युला शून्य म्हणत होता आणि बीम भायखळ्याहून चालत थेट क्रॉफर्ड मार्केटला गेला असता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मोजणी ही पहिली पायरी, दिशा बघणं ही दुसरी, एक पूर्ण लेक्चर असतं त्याचं. माझ्या नियोजनात ते एका गुरुवारी होतं. त्या गुरुवारी मनवाला एकशे दोन ताप होता. मी कॉलेजला फोन करून सुट्टी घेतली, पुढच्या तासाला मुलांना सांगितलं की तेवढं पुस्तकातून वाचा, आणि पुढे गेले. मुलांनी वाचलं नाही. मग टेस्टचा पेपर काढताना, मनवा मांडीवर असताना, मीही तेवढी पायरी वाचली नाही. बावन्नपैकी चव्वेचाळीस मुलांनी शून्य, स्थिर, असं लिहिलं होतं, आणि मी त्यांना प्रत्येकी दोन मार्क दिले होते. सात जणांनी काहीच लिहिलं नव्हतं. आणि एकीने बरोबर लिहिलं होतं.

बस सुटली तेव्हा मी ते तिकीट बराच वेळ मुठीत धरून होते. मीनाक्षीकाकूंकडे पोचायला सहा वाजले. काकूंनी मनवाचे केस विंचरून, बूट घालून तिला दारात बसवून ठेवलं होतं, तेच पुरेसं होतं.

सातला माधवचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, आकृतीसकट. त्याला अर्ध्या वाक्यात कळलं, तो आमच्या वर्गात दुसरा यायचा. पहिली मी. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, तीन रोलर, आणि तू? मग त्याला वाटलं असावं की मला लागलं, म्हणून समजुतीच्या स्वरात सांगायला लागला की अगं इरा, दोन मार्कांची गोष्ट, कोण बघतंय, पुढच्या वर्षी नीट शिकव. मी म्हटलं, पुढच्या वर्षी ही मुलं नसतील. त्यावर तो काही म्हणाला, ते तुटक तुटक आलं, मग नुसती घरघर, मग तेही नाही. मी पाच मिनिटं फोन हातात धरून बसले. पुन्हा आला नाही. मनवाने विचारलं बाबा काय म्हणाला, तर म्हटलं, तुला पापा दिलाय.

बुधवारी मी सुचित्रा मॅडमकडे गेले. त्या वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मनवाच्या तापासाठी मी टर्ममध्ये तीनदा गैरहजर राहिले, एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नव्हतं. त्यांनी आकृती बघितली, चष्मा वर सारला, पेन्सिलीने बीमच्या टोकाला हलकेच टिचकी मारली आणि खुर्चीत मागे टेकल्या.

मार्क भरले गेले होते, पोर्टल बंद झालं होतं. ते उघडायचे दोन रस्ते. बेरीज चुकली असेल तर अर्ज त्यांच्या सहीवर निघतो, त्याच दिवशी. पण उत्तरच चुकलं असेल तर अर्ज प्राचार्यांकडे, परीक्षकाच्या लेखी कबुलीसह, आणि त्याची प्रत परीक्षकाच्या फाइलमध्ये कायमची.

"तिच्या तिसऱ्या प्रश्नात दोन मार्क वाढवा," त्या म्हणाल्या. "बेरीज चुकली म्हणून लिहू. मुलगी नऊवर पास, तुमचं नाव कुठे येत नाही. शुक्रवारी मला पुढच्या टर्मची यादी द्यायची आहे, इरावती. मला कशाला गुंत्यात टाकता?"

मी विचारलं, बाकीच्या चव्वेचाळीस जणांचं काय.

त्यांनी हिशेब माझ्याआधी केला होता. खरं उत्तर लावलं तर चव्वेचाळीस जणांचे दोन मार्क जातात आणि त्यातले अकरा नापास होतात. त्यांचे पालक येतात. त्यापेक्षा राहू दे. मोठी होतील, नोकरीला लागतील, तिथे आता सगळं सॉफ्टवेअर करतं.

मी सांगितलं, विचार करते. खरं सांगायचं तर विचार झाला होता. बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. श्रेया पास होणार, मी राहणार, कुणाचं काही जाणार नाही. मी येताना मनवाला भुट्टा घेतला आणि आम्ही दोघींनी तो वाडीच्या तोंडाशी उभं राहून खाल्ला. ती एक दाणा मला, एक स्वतःला, असं वाटत होती.

गुरुवारी मी लवकर पोचले. वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर श्रेया वही मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली. मी काही बोलायच्या आत तिने वही पुढे केली. पानभर आकृत्या होत्या, पट्टीने काढलेल्या, टेस्टमधली चौथी आकृती सगळ्यांत वर. तीन रोलर, तीन वजा तीन, शून्य. उत्तराभोवती नीट चौकट आणि चौकटीत लिहिलेलं, स्थिर. खाली तसल्याच आणखी पाच, तिच्या मनाने केलेल्या. चार रोलर, एक जादा. पाच रोलर, दोन जादा. सगळ्या स्थिर.

"आता बरोबर आहे ना मॅडम?" तिने विचारलं. "मी उगाच डोकं लावत होते."

तिच्या चेहऱ्यावर रडवेलं वगैरे काही नव्हतं. उलट, सुटका झाल्यासारखी दिसत होती. सात-आठ वर्षांची असल्यापासून हाताला माहीत असलेली गोष्ट तिने दोन दिवसांत पुसून टाकली होती, आणि तिथे माझं शून्य नीट चौकटीत बसवलं होतं. तेवढं एक काम माझ्याकडून झालं होतं त्या टर्ममध्ये, पूर्ण आणि यशस्वी.

मी तिला म्हटलं, आत चल.

तो तास मला अजून तुकड्यातुकड्यानेच आठवतो. मी टेबलावर तीन गोल पेन्सिली ठेवल्या, त्यावर फळ्याची लांब लाकडी पट्टी, आणि पट्टीवर डस्टर. मुलांना भोवती बोलावलं. डस्टरवर तळहाताने दाब दिला, पट्टी जागची हलली नाही. मग करंगळीने टोकाला ढकललं. पट्टी सुळ्ळकन गेली आणि टेबलावरून खाली पडली.

ध्रुव म्हणून एक आहे, वर्गाचा विनोदवीर, तो म्हणाला, मॅडम परत ढकला, भारी होतं. हसले सगळे. मग मी सांगितलं की टेस्टमधला चौथा बीम हाच होता. की मी तुम्हाला दोन मार्क दिले ते चुकीच्या उत्तराला दिले. की ही दिशेची पायरी मी शिकवलीच नव्हती, आणि पेपर काढताना मीही ती गाळली. हसणं थांबलं. त्या शांततेत मला बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू; आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी पुढचं वाक्य बोलले. म्हटलं, अख्ख्या वर्गात बरोबर उत्तर एकटीने लिहिलं होतं, श्रेया कोचरेकरने, आणि मी तिला शून्य दिलं.

सगळे तिच्याकडे वळले. ती पेन्सिलींकडे बघत होती.

मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे आमचे दोन कापणार काय? मग एकदम गलका. मला सात होतील, माझा विषय राहील, केटी लागेल, मॅडम तुम्हीच शिकवलं ना तसं. ते बरोबरच होतं, मीच शिकवलं होतं. ए कोचरेकर, तुला एवढी हुशारी कुणी सांगितली होती, असं कुणीतरी म्हणालं, मजेत म्हणालं, पण म्हणालं. मी सांगितलं की जे होईल ते माझ्या सहीने होईल, तिच्या नाही. कुणी ऐकत नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली. वर्गातून शेवटी बाहेर पडताना ती माझ्याजवळ थांबली.

"मॅडम, माझं नाव नको होतं घ्यायला."

मला वाटलं होतं, मी तिला तिची वस्तू परत देतेय.

दुपारी मी प्राचार्यांच्या नावाचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: प्रश्न एक, आकृती चार, आदर्श उत्तर चुकीचे, रचना अस्थिर आहे, चूक परीक्षकाची. सही केली. सुचित्रा मॅडमनी तो वाचला, पुढे पाठवायची सही केली, आणि मग विचारलं, तुमची मुलगी बरी आहे ना आता? मी हो म्हटलं.

पुढच्या मंगळवारी निर्णय आला. प्रश्न रद्द, सरसकट सगळ्यांना दोन मार्क. नोटीस वाचली तेव्हा वर्गाने बाक वाजवले. ज्या सात जणांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांनाही दोन. श्रेयाला नऊ झाले, तेही इतरांसारखेच फुकट मिळालेले. बरोबर लिहिल्याची नोंद आता कुठेच उरली नव्हती. ती तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसली होती, आणि तिच्या शेजारची मुलगी एक बाक पुढे सरकली होती. फार नाही, एकच बाक. चारेक दिवसांनी ती परत मागे आली, हे मी मुद्दाम बघितलं.

उरलेले तास मी शिकवले. दोन तास जादाचे घेऊन तो गुरुवार भरून काढला. मुलं आता प्रत्येक आकृतीत आधी बोटाने ढकलून बघायची, ध्रुवने त्याला "करंगळी टेस्ट" असं नाव पाडलं होतं. श्रेया माझ्याकडे पुन्हा काही विचारायला आली नाही. एकदा कॉरिडॉरमध्ये समोरून आली, गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली आणि बाजूला झाली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तिच्या वडिलांना भेटायचं होतं, कारखाना बघायचा होता. पण मी गुड मॉर्निंग म्हटलं.

टर्मच्या शेवटच्या शनिवारी यादी लागली. माझ्या विषयापुढे दुसरं नाव होतं. सुचित्रा मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, की त्यांनी माझं नाव दिलं होतं, पण वरून फाइल मागवली. खरं असेल. त्यांनी चहा मागवला, मी तो घेतला. चांगल्या शिकवता तुम्ही, म्हणाल्या, आमचं लक्ष राहील. मी आभार मानले. माझा खण रिकामा केला: दोन पुस्तकं, खडूचा अर्धा डबा, मनवाचा एक मोजा, जो तिथे कसा आला ते मला माहीत नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. माधवला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला, मग बहुतेक नीट वाचलं, कारण पाठोपाठ दुसरा आला की जाऊ दे, तुला आराम होईल. मी फोन पर्समध्ये टाकला. आराम. घरात मनवा आणि मी, नऊ ते सात, सोमवारपासून.

मीनाक्षीकाकूंना सांगितलं की आता दुपारी नाही आणणार तिला. काकू म्हणाल्या, अगं येत जा तरी, आणि दुसऱ्या एका रडणाऱ्या बाळाकडे वळल्या. मनवाने बूट घातले, उलटे. मी जिन्यात बसून ते सुलटे केले. जिन्यात कुणी नव्हतं. कुठल्या तरी घरात टीव्ही चालू होता, कुठे फोडणीचा वास.

"सोमवारी काकूकडे नाही?" तिने विचारलं.

"नाही. आई घरीच आहे आता."

"कॉलेजला नाही?"

"नाही."

ती विचार करायला लागली. विचार करताना ती माझा कान धरते, तसा धरला.

"मग ती मुलं?"

"त्यांना दुसऱ्या मॅडम येणार."

"ती त्यांचं ऐकणार?"

मी बुटाचा पट्टा घट्ट लावला. म्हटलं, ऐकणार, चांगली मुलं आहेत.

मनवाने माझा कान सोडला आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मग तुझं कोण ऐकणार?"